खुंट्याचा पाऊस

सात वाजले, संच खरखरला आणि परशराम मास्तरांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. तालुक्याच्या गावी बसून ते एकेका गावाचं नाव पुकारत आणि तिथला रेडिओहौशी माणूस गेल्या चोवीस तासांचा पाऊस सांगे. मास्तरांना शाळेतून निवृत्त होऊन सत्तावीस वर्षं झाली, तरी हजेरीची खोड गेली नव्हती. पूर्वी पोरं हजर म्हणत, आता म्हातारे म्हणत, एवढाच फरक.

"नागरकोंड?"

सुंद्राबाई गावड्यांनी माईकची कळ दाबली. "चोपन्न मिलिमीटर. वारा नैऋत्येचा. आणि मास्तर, तेवढा आल्याचा काढा घ्या. तुमचं नाक पार इथवर वाहतंय. ओव्हर."

एकदोघांनी आपापली कळ दाबून हसून दाखवलं. मास्तरांनी नाक ओढलं आणि पुढचं नाव घेतलं.

"वरचा कोंड?"

"एकशे एकतीस," रेवती मुळीकचा आवाज आला. ती वरच्या कोंडाची अंगणवाडीची बाई. "मास्तर, मी भांडं धुऊन पुसून ठेवलं होतं. एकशे एकतीसच आहे. ओव्हर."

लगेच, हजेरी ऐकत बसलेल्या शहरातल्या यंत्रातली गोड गळ्याची बाई बोलली. "वरचा कोंड केंद्राची नोंद खोऱ्याशी जुळत नाही. दुरुस्त नोंद, सत्तावन्न. केंद्राची तपासणी करावी."

सलग तिसरा दिवस. सुंद्राबाईंना राहवेना. "रेवती, भांड्यात बेडूक बसलाय का बघ गं. नाहीतर तुमच्या कोंडाला देवानं वेगळं आभाळ दिलंय म्हणून तरी सांग. ओव्हर."

या यंत्राला सगळे जाळं म्हणत. कागदावरचं नाव पाऊसजाळं. पूर्वी पावसाचा अंदाज सांगत तो अख्ख्या जिल्ह्याचा. तुरळक ठिकाणी मुसळधार, म्हणे. तुरळक म्हणजे कुणाच्या परसात, ते ज्याचं परस त्यालाच नंतर कळे. मग कुणा शहाण्यानं गच्चीगच्चीवर हवामानाची यंत्रं मांडून बसलेल्या हौशी लोकांना एकत्र बांधलं. पावसात मोबाइलचा टॉवर सगळ्यात आधी मान टाकतो, म्हणून निरोप रेडिओवरून. शहरातलं यंत्र ते सगळं गोळा करी आणि वाडीवाडीला तिचा तिचा अंदाज देई, तासातासाचा. आता एसटी कधी सोडायची, शाळा कधी सोडायची, धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, सगळं त्याच्या सांगण्यावर.

हौशी लोकांच्या यंत्रात नरसाळ्याखाली चिमुकली पळी असते. भरली की कलंडते, आणि किती वेळा कलंडली त्यावरून पाऊस कळतो. पण कोसळधार लागली की पळीचा हिशेब चुकतो. म्हणून प्रत्येक खोऱ्यात एक केंद्र असं ठेवलेलं, की जिथे माणूस स्वतः गच्चीवर जाऊन बाटलीतलं पाणी मापात ओतून बघेल. त्याला खुंटा म्हणत. खोऱ्यातली बाकी सगळी केंद्रं त्या खुंट्याला बांधलेली. खुंटा म्हणेल त्याप्रमाणे बाकीच्यांचे आकडे खालीवर करायचे. तांबळी नदीच्या खोऱ्याचा खुंटा म्हणजे नागरकोंड, आणि नागरकोंड म्हणजे सुंद्राबाई. चौथी शिकलेल्या. रेडिओचा परवाना त्यांनी साठीत तोंडी परीक्षा देऊन काढला होता, आणि परीक्षकाचा एक प्रश्न चुकीचा होता हे त्याला जागेवर सांगून आल्या होत्या.

जाळं प्रत्येक केंद्राला विश्वासांक देई. सुंद्राबाईंचा शंभरात अठ्ठ्याण्णव. एवढे गुण त्यांना चौथीतही पडले नव्हते.

आणि सुंद्राबाईंनी आज पाऊस मोजला नव्हता. काल मोजला नव्हता. गेल्या चौदा महिन्यांत त्या एकदाही गच्चीची पायरी चढल्या नव्हत्या. चोपन्न हा आकडा सात वर्षांपूर्वी याच तारखेला त्यांच्या मालकांनी, नारायणरावांनी, वहीत लिहिला होता.

नारायणराव पोलिसांच्या वायरलेसवर तेहतीस वर्षं होते. निवृत्त होऊन घरी आल्यावरही त्यांचा कान संचालाच. अकरा वर्षं रोज पावणेसातला गच्चीवर जाणार, सातला आकडा सांगणार आणि वहीत उतरवणार. रेडिओवाल्यांत कुणी गेला की त्याची कळ शांत झाली असं म्हणतात. नारायणरावांची कळ शांत झाली, मास्तरांनी हजेरीत दोन मिनिटं सगळ्यांना गप्प बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता परत "नागरकोंड?" म्हणाले. सुंद्राबाईंनी हाताला लागली ती वही उघडली, तारीख काढली आणि आकडा वाचला. कुणाला फसवावं असं मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं. भाकरी चावायची, गिळायची. पुण्याहून सून विचारायची, "आई, कशा आहात?" त्या म्हणायच्या, "आहे."

दुपारी एकच्या एसटीनं रेवती आली. छत्री दाराशी ठेवली, पदर पिळला.

"काकी, जेवलात?"

"जेवले. बेडूक सापडला वाटतं?"

"काकी, साकवावर पाणी आलंय."

वरचा कोंड नदीच्या पलीकडे, शाळा अलीकडे, आणि मधे फळ्यांचा साकव. साकवाच्या तोंडाशी आपोआप उघडमीट होणारं फाटक होतं. पाणी मोजायची कांडी पहिल्याच पुरात वाहून गेली, तेव्हापासून फाटक जाळ्याच्या अंदाजावर चाले. हिरवा दिवा म्हणजे जा, तांबडा म्हणजे थांबा.

"सकाळी पोरांना घेऊन आले तर पाणी फळ्यांना चाटत होतं," रेवती म्हणाली. "दिवा मात्र हिरवा. चारला शाळा सुटेल. जाळं म्हणतंय, तोवर पाणी हातभर उतरेल. एकोणीस पोरं आहेत काकी, आमची ओवी धरून."

"मग इथे चौदा किलोमीटर कशाला आलीस? साकवाशी आपल्या हजेरीतला जोतिबा आहे की सायकलच्या दुकानात. त्याला सांगायचंस फाटक अडव म्हणून."

"सांगितलं. म्हणाला, ताई, तुमचं भांडं तीन दिवस वेडं ठरलंय, तुमच्या शब्दावर फाटक अडवलं तर गाव मला झोडेल. सुंद्राकाकी म्हणाल्या तर अडवतो." तिनं पिशवीतून आपली बाटली काढली. "मला तुमच्या बाटलीतलं पाणी बघू द्या. माझं चूक असलं तर माझ्या डोळ्यांनी बघते आणि गप्प बसते."

"म्हणजे माझ्या मोजण्यावर संशय."

"माझ्या भांड्यावर संशय आहे, काकी."

"गच्चीवर शेवाळ धरलंय. पडशील, आणि मलाच तुझं करावं लागेल."

रेवती तोवर जिन्यात होती.

सुंद्राबाई खाटेवर बसून राहिल्या. सतरा पायऱ्या. वर पावलं इकडून तिकडे गेली, मग थांबली. बराच वेळ नुसता पाऊस ऐकू आला. उठून काहीतरी करावं असं त्यांच्या मनात आलं, पण काय, ते सुचलं नाही.

रेवती खाली आली ती भिंतीला हात धरून.

"काकी, बाटलीत हिरवा गाळ आहे. नरसाळ्यात पिंपळ उगवलाय. वीतभर."

"पिंपळ?" सुंद्राबाई म्हणाल्या. "म्हणजे आता उपटायचीही पंचाईत."

रेवती हसली नाही. "आकडे कुठून आणता?"

सुंद्राबाईंनी वही तिच्याकडे सरकवली. रेवतीनं पान उलटलं, तारखेवर बोट ठेवलं, आणि जमिनीवरच बसली.

"काकी, हे आकडे जाळ्यात मीच भरले होते. काकांनी वह्या दिल्या होत्या, मी महिनाभर बसून टंकले. या खोऱ्यात पाऊस कसा पडतो ते जाळं यावरूनच शिकलं. आता तुम्ही रोज त्याला हेच वाचून दाखवताय. ते बरोबर म्हणणारच. त्याला शिकवलेलंच त्याला परत ऐकू येतंय."

"आणि तुझं?"

"माझं खरं असलं तरी काकांच्या वहीत बसत नाही. म्हणून वेडं."

सुंद्राबाईंनी वही मिटली. "म्हणजे ह्यांनीच ह्यांना अठ्ठ्याण्णव दिले."

अडीच वाजले होते. त्या उठल्या, संचासमोर बसल्या आणि जाळ्याची वाहिनी लावली.

"नागरकोंड. सकाळचा आकडा बदलायचाय. एकशे एकतीस. ओव्हर."

"ही नोंद आपल्या नेहमीच्या नोंदींशी जुळत नाही," गोड गळ्याची बाई म्हणाली. "पूर्वीची नोंद, चोपन्न, कायम ठेवली आहे. आपली तब्येत ठीक आहे ना?"

"तुझी बघ आधी. एकशे एकतीस लिही म्हणते."

"पूर्वीची नोंद कायम ठेवली आहे. कृपया विश्रांती घ्या."

त्यांनी आणखी दोनदा सांगितलं. यंत्राला आकडा कळत होता. सांगणारी खोटी होती, हे त्याला सांगायची सोयच कुणी ठेवली नव्हती. रेवती मागे उभी राहून घड्याळाकडे बघत होती.

मग सुंद्राबाईंनी हजेरीची वाहिनी लावली. तिथे जाळं फक्त सकाळी सातला ऐकतं, एरवी माणसं असतात. तीनशेवर हौशी, दिवसभर संच उघडे ठेवून काम करणारे. आणि त्या तीनशे जणांत सुंद्राबाईंच्या जिभेचा फटका न खाल्लेला माणूस विरळा.

"तातडी, तातडी, तातडी," त्या म्हणाल्या. या शब्दावर बाकीच्यांनी बोलणं थांबवायचं असतं. थांबलं. "नागरकोंडहून सुंद्राबाई गावडे. सकाळचे चोपन्न खोटे आहेत. कालचे खोटे. चौदा महिन्यांचे सगळे खोटे. मी गच्चीवर गेलेच नाही. वरच्या कोंडाचा आकडा खरा आहे. जोतिबा, साकवाच्या फाटकाला साखळी घाल आणि पोरांना अलीकडे अडव. ओव्हर."



"काकी, थट्टा करताय का?" जोतिबानं चाचरत विचारलं.

"मी थट्टा केली तर ती तुला आजवर कळलीय का कधी? घाल म्हणते ना."

"घालतो. दुचाकी बांधायची जाड साखळी आहे. घालतो."

मग मास्तर बोलले. या खेपेला नाक ओढलं नाही. "सुंद्राबाई, तुम्ही? का?"

रेवतीला वाटलं, आता त्या संच बंद करतील. पण त्या बोलल्या, बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तशा.

"त्या दिवशी हे पावणेसातला वर गेले. चहा निवत होता. मी खालून हाक मारली, दोन शिव्याही दिल्या. सात वाजले. मास्तर, तुम्ही नागरकोंड, नागरकोंड करत होतात. अकरा वर्षांत आमची हजेरी कधी चुकली नव्हती. म्हटलं, आज माझ्यापायी नको. आदल्या वर्षीची वही उघडली, आकडा सांगितला. तुम्ही शाब्बास म्हणालात. मग मी वर गेले." त्यांनी कळ सोडली. पुन्हा दाबली. "ओव्हर."



चार वाजून पाच मिनिटांनी जोतिबाचा आवाज आला. "दिवा हिरवाच आहे. फाटक ओढून साखळी घातलीय, मोटार उघडायला बघतेय, घूं घूं करतेय. पोरं एसटीच्या शेडमध्ये आहेत. ओवी म्हणते, दिवा हिरवा आहे तर सोडा ना काका. तिला शेंगदाणे दिलेत. ओव्हर."

चार पंचविसाला तो परत आला, आणि आता त्याला धड बोलता येत नव्हतं. "गेला. मधला भाग गेला. फळ्या काडीसारख्या... दिवा हिरवाच आहे अजून. पोरं आहेत. एकोणीस. मोजली. परत मोजली."

रेवती तोंडाला पदर लावून भिंतीशी बसली आणि रडू लागली. सुंद्राबाईंना वाटलं, आपल्यालाही रडू येईल. त्यांनी वाट पाहिली. हात मांडीवर होते, ते तसेच राहिले.

"मास्तर," अचानक एक म्हातारा आवाज आला. "माडवळ्याचा खुंटा. इनास. माझा गुडघा दिवाळीपासून वाकत नाही. शिडी चढलो नाही मी. जाळं आदल्या दिवशी जो अंदाज सांगतं, तोच मी सकाळी मोजला म्हणून सांगतो. विश्वासांक सत्त्याण्णव आहे. ओव्हर."

"सातेवाडी," एक बाई म्हणाली. "हसीना मुल्ला. आमची बाटली उन्हाळ्यातच फुटली. बोलायची लाज वाटली. ओव्हर."

मग कुणीतरी नुसती कळ दाबली. श्वास ऐकू आला. काही न बोलता कळ सुटली. पुन्हा दुसऱ्या कुणीतरी तसंच केलं.

"अहो, काय चाललंय हे?" मास्तर ओरडले. "जबाबदारी म्हणून काही चीज आहे का? धरणाचे दरवाजे या आकड्यांवर हलतात! आज सहा वाजता उघडायचे की नाही ते याच्यावर ठरणार आहे. खाली अख्खं तालुक्याचं गाव आहे. शहराला कळवायला हवं. नावानिशी कळवायला हवं एकेकाचं!"

"कळवा," सुंद्राबाई म्हणाल्या. "माझं पहिलं लिहा, शुद्ध लिहा. पण मास्तर, धरणाच्या खोऱ्याचा खुंटा तालुक्याच्या गावातच आहे ना? तुमच्याच घरावर?"

"आहे. मग?"

"तुम्ही पंच्याऐंशीचे. सकाळी नाक धरून बसलेले. मग तुमच्या गच्चीवर आज कोण गेलं होतं? ओव्हर."

त्या कळ सोडून बसल्या. घड्याळात पाच वाजत आले होते. रेवतीनं डोळे पुसले आणि संचाचा आवाज वाढवला. खरखरीखेरीज अजून तरी काही ऐकू येत नव्हतं.