पाठीमागची सम

मिरजेच्या त्वचाशाळेत निजसुरेबुवांचं चाकघर ओढून आणलं, तेव्हा त्याची डावी कूस उघडी पडली होती. मोटारीच्या मागे जोडून गावोगाव न्यायचं ते छोटंसं घर. आत दोन बाकं, स्वयंपाकाचा ओटा, देवाचा कोनाडा. बाहेरून मात्र ते साध्या पत्र्याचं नव्हतं. त्याला स्मरणत्वचा होती, म्हणजे स्वतःचा आकार ध्यानात ठेवणारी आणि पोचा पडला तर आपला आपण भरून काढणारी कातडी. पण पोचा वेगळा आणि लचका वेगळा. कोकणातल्या एका गावी वेशीच्या कमानीखालून वळताना बुवांचा अंदाज चुकला. दगडी खांबाने चौरंगाएवढा तुकडा ओरबाडून काढला आणि तो चाकाखाली येऊन पार चुरगळला.

प्रभाकरबुवा निजसुरे चाकघराच्या पायरीवर बसून होते. नारदीय कीर्तनात हयात गेलेला माणूस. बुवा उभे राहिले की देव ऐकायला बसतो, असं त्यांच्याबद्दल लोक म्हणत. हल्ली बुवा बसूनच असत.

त्वचाशाळेच्या प्रमुख डॉ. रुबीना सतारमेकर जखमेच्या कडा भिंगातून पाहत होत्या. त्यांचे आजोबा तंबोरे करायचे. नात भोपळ्यावरून कातडीवर आली एवढंच, थरथर ओळखण्याचं काम तेच. काय काय करावं लागेल ते त्यांनी सांगितलं. फाटक्या कडा कापून सरळ करायच्या, नवा तुकडा रिबिटांनी बसवायचा, सांधे बुजवून लांबीची पुट्टी भरायची, पॉलिश पेपरने घासून एकसारखं करायचं, मग प्रायमर आणि शेवटी रंग.

"म्हणजे आधी पूर्वरंग, मग उत्तररंग," बुवा म्हणाले.

"आणि मधे कीर्तनकाराला हार-बुक्का?" रुबीनाने विचारलं.

बुवांनी चमकून पाहिलं. आपण केलेला तंबोरा बोलतो कसा ते ऐकायला आजोबा कीर्तनाला जायचे आणि नातीला मांडीवर घेऊन बसायचे, हे रुबीनाने सांगितल्यावर ते कितीतरी दिवसांनी हसले.

अंगणात कडुनिंबाखाली कुमुदकाकू खुर्चीवर बसल्या होत्या. बुवांच्या पत्नी आणि लग्नापासूनच्या त्यांच्या तबलजी. त्यांनी रुबीनाला तू कुणाची म्हणून विचारलं आणि सतारमेकरांची नात कळताच तंबोरा नीट लावून ठेव, मागच्या वेळी षड्ज उतरला होता, असं बजावलं. रुबीनाने मान डोलावली. थोड्या वेळाने काकूंनी पुन्हा विचारलं, तू कुणाची गं?

बुवांचं दुखणं हेच होतं. कीर्तनाच्या वेळी चाकघर मांडवाच्या मागे लावलेलं असे. काकू त्याच्या डाव्या कुशीला पाठ टेकून तबला घेऊन बसत आणि बुवा त्यांच्यापुढे, श्रोत्यांकडे तोंड करून उभे राहत. अपघाताच्या आदल्या दिवशी काकूंनी पूर्ण कीर्तन वाजवलं होतं, सम एकदाही इकडची तिकडे झाली नव्हती. अपघातानंतरच्या पहिल्या कीर्तनात उघड्या कुशीला ताडपत्री बांधलेली, म्हणून त्यांना मांडवाच्या खांबाशी बसवलं. नमनात धुमाळीचा ठेका सुरू झाला आणि हात थांबले. काकू आपल्या बोटांकडे बघत राहिल्या, जणू ती कुणाची तरी विसरून राहिलेली वस्तू होती.

सांगलीच्या डॉक्टरांनी मेंदूची छायाचित्रं काढली. मार कुठेही नाही, हे विसरणं जुनं आहे, हळूहळू वाढत आलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. बुवांना ते पटेना. अलीकडे आमटीत मीठ दोनदा पडायचं, चष्मा देवाच्या कोनाड्यात सापडायचा, ते त्यांनी वयावर घातलं होतं. जिचा ताल शाबूत, ती शाबूत, असा त्यांचा हिशेब.

"आदल्या दिवशी होतं, दुसऱ्या दिवशी नाही," ते रुबीनाला म्हणाले. "मधे काय आलं? माझं वळण. ही आत बसली होती. हिला मी त्या खांबावर आपटलं."

रामनवमीचं आमंत्रण त्यांनी परत पाठवलं होतं. तिच्याशिवाय कीर्तन करायचं नाही आणि चाकघर दुरुस्त झालं की कुणा तरुण कीर्तनकाराला देऊन टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

रुबीनाने कडांना संवेदक लावले आणि ती पडद्यासमोर बसली. बुवा पायरीवर स्वतःशीच काही पुटपुटत होते. एकाएकी ती म्हणाली, "मघाशी काय म्हणत होतात, बुवा?"

"काही नाही. नेहमीचं नमन."

"परत म्हणा बघू. ठेक्यात."

बुवांनी म्हटलं. पडद्यावरची रेघ एरवी सपाट होती. पण दर आवर्तनाला, सम येण्याच्या किंचित आधी, ती झपकन खाली जाई आणि वर येई. गाणं थांबलं की रेघ पुन्हा सपाट. बुवांनी बोटांवर मात्रा मोजल्या, पुन्हा गायले, पुन्हा मोजल्या. तालाच्या बाबतीत त्यांना कुणी फसवू शकत नव्हतं.

"ही समेवर येते," ते हळूच म्हणाले. "पत्र्याला सम कशी कळते?"

"कारखान्यातून हिला एकच ठरलेला आकार पढवून पाठवला, तर काय होईल सांगा. गाडी खड्ड्यात हलते, उन्हात फुगते, थंडीत आकसते. प्रत्येक हालचालीला इजा समजून ही झगडत बसेल आणि थकून फाटेल. म्हणून आम्ही हिला सवय ओळखायला शिकवतो. जो दाब पुन्हा पुन्हा येतो, तो घरचा. त्याला आडवं जायचं नाही. उलट त्याची चाहूल लागली की आधीच जरा सरकून जागा करायची, म्हणजे झीज कमी. आतले स्नायुतंतू तेवढं हलवतात."

"चाहूल कशाने लागते?"

"त्या दाबाच्या आधी जे नेहमी येतं, त्याने. इंजिन घरघरलं की धक्के येणार, हे हिला ठाऊक असतं. तसा तुमचा आवाज आला की…"

"की कुमुदची पाठ येणार," बुवांनी वाक्य पुरं केलं. समेवर मागे झुकायची तिची सवय त्यांना ठाऊक होती. ती मोडावी म्हणून तिच्या बापाने तिला छडीचा धाकही दाखवला होता म्हणे.

गेलेला तुकडा काही परत येणार नव्हता. पण तो हलला की कडा ताणल्या जात, आणि तो ताण वर्षावर्षाच्या थरांनी कडांत उतरला होता. रुबीनाने त्याला ताणलेख म्हटलं. जुने थर खाली, नवे वर. ते सगळे वाचायला एक दिवस द्या, असं तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिने बुवांना पडद्यापुढे बसवलं.

"काकूंना तुम्ही आपटलेलं नाही, बुवा. हे बघा जुने थर. त्वचा जागा करते आणि लगेच पाठ येते, दोन्ही एका श्वासात. आता वरचे थर बघा. त्वचा वेळेवर सरकते आणि पाठ मागाहून येते. आणखी वर या. आणखी मागाहून. ही गेल्या दोन-चार वर्षांची गोष्ट आहे, अपघाताच्या कितीतरी आधीची. पूर्वी काकूंनी हिला सम शिकवली. नंतर ही काकूंना सम सांगत होती. पाठ जराशी आत गेली की हात पडायचा."

"आणि तुकडा गेला तेव्हा सांगणारं कुणी उरलं नाही."

"हो. म्हणून तुम्हाला वाटलं, एका दिवसात गेलं."

बुवांनी पडद्यावरच्या वरच्या थरावरून बोट फिरवलं. अंगावरचा एक धोंडा उतरला होता आणि त्याच्या जागी दुसरंच काही येऊन बसलं होतं.

"मी लोकांकडे तोंड करून देवाच्या गोष्टी सांगत उभा," ते म्हणाले, "आणि ही माझ्या पाठीमागे एकटी बुडत होती."

"एकट्या कशा? त्वचेला सम कोण सांगत होतं? तिच्याकडे दुसरी खूणच नव्हती. तुमचा आवाज पत्र्यात जायचा आणि पत्र्यातून काकूंच्या पाठीत. तुम्हीच धरून होता त्यांना."

"न कळता."

"न कळता," रुबीना म्हणाली.

उपरण्याच्या टोकाने डोळे टिपून बुवांनी नव्या तुकड्याची चौकशी केली. तो कोरा असतो, शेजारच्या कडांच्या संगतीने शिकतो, पण त्याला फार वेळ लागतो आणि तोवर काकूंना आठवण देणारं काहीच नसेल, हे रुबीनाने लपवलं नाही. बुवा एका शब्दाला अडले.

"संगतीने शिकतो म्हणालीस ना? मग संगत मीच करतो. आतून पाठ लावून बसतो आणि गातो. समेवर मी पुढे झुकलो, की माझा रेटा सुटून पत्रा आत येईल. चालेल?"

"चालेल. पण बुवा, कीर्तन उभ्याने करतात. बसून करतात ते प्रवचन."

"देवाला इतकी वर्षं उभ्याने ऐकवलं, बाळ. आता हिला बसून ऐकवतो. तो समजून घेईल."

काम सुरू झालं. कडा सरळ कापल्या, तुकडा बसला, रिबिटं ठोकली, सांधे बुजले. लांबी वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून ती कूस तळहातासारखी मऊ केली आणि तिच्यावर करड्या प्रायमरचा हात फिरला. आतलं अस्तर मुद्दाम नंतर लावायचं ठेवलं, म्हणजे पाठ थेट पत्र्याला लागेल. प्रायमर वाळला तशी रुबीना बाजारातून एक झेंडूचा हार आणि बुक्क्याची पुडी घेऊन आली. हार तिने बुवांच्या गळ्यात घातला, बुक्का बुवांना लावला, काकूंना लावला आणि उरलेलं बोट चाकघराच्या दारावर टेकवलं.

"हार-बुक्का आधीच झाला, पूर्वरंग आता होऊ दे," बुवा म्हणाले आणि आत जाऊन कोऱ्या पत्र्याला पाठ लावून जमिनीवर बसले. बाहेर, त्याच पत्र्याला टेकवून, काकूंना बसवलं आणि तबला पुढे ठेवला.

बुवांनी नमन धरलं. दर समेला ते किंचित पुढे झुकत. बाहेर काहीच वाजत नव्हतं. एक पद सरलं, दुसरं सरलं. बसून गायची सवय नसल्याने त्यांचा श्वास आखूड पडत होता. तिसऱ्या पदात पलीकडून एक बोट पडलं. मग एक थाप. मग चाचरत, अडखळत, लंगडतच म्हणा ना, धुमाळी चालू लागली.

ती ऐकताना बुवा गायचं विसरले. ओळ अर्ध्यात तुटली. झुकायचं भान राहिलं नाही, ते पत्र्याला पाठ लावून नुसते बसून राहिले. आवर्तन अधांतरी लोंबकळलं.

आणि सम पडली. बाहेर, तबल्यावर, जिथे पडायची तिथेच.

रुबीना दारात आली. तिच्या हातात पडदा होता.

"बुवा, तुम्ही झुकला होता?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"गात होता?"

"कुठला गातोय? ठेकाच ऐकत बसलो."

"मग पत्र्याचं म्हणावं, तर तो अजून कोरा आहे. त्याला काही येत नाही. रेघ खाली गेली, पण पत्रा आपणहून आत सरकला म्हणून नव्हे. बाहेरून काकूंची पाठ दाबली म्हणून." तिने पडदा त्यांच्यापुढे धरला. "ही सम काकूंची आहे. त्यांची स्वतःची."

बुवा काही बोलणार तेवढ्यात पत्र्यापलीकडून, ठेका न सोडता, आवाज आला.

"अहो, अडलात का? मी धरलाय ठेका. घ्या पुढे."

बुवांनी नाक पुसलं, पाठ पत्र्याला नीट टेकवली आणि तुटलेली ओळ जिथे तुटली होती तिथून उचलली.

अंगणात रंगारी रंगाचा डबा घेऊन येऊन उभा राहिला होता. सुरुवात करू का, असं त्याने खुणेने विचारलं. रुबीनाने ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच सांगितलं, "थांब जरा. अजून पूर्वरंग चालू आहे."