जुन्या बारदान्यावरली अक्षरं

सिद्धलिंगप्पा गुलबर्ग्याला तुरीच्या आडतीवर मुनीम व्हता. पोलीस ॲक्शन होऊन दोन सालं झालती, कचेरीतली उर्दू जायलती, आता इंग्रजी यायलाच पायजे म्हणून गडी इरेला पेटलता. पोत्यावर मालकाच्या नावाची इंग्रजी अक्षरं छापलेली असायची बघा. ती अक्षरं घ्यायची, अन् ती सगळी ज्यात येतात असा इंग्रजी शब्द हुडकायचा, ह्यो त्याचा खेळ. हमाल खिदळायचे, "मुनीम पोत्याला साळा शिकवायलाय!"

जुना बारदाना, म्हंजे रिकामी पोती, भरायच्या आधी त्याच्यावरला छाप काळं फासून मिटवायचा, ही बाजाराची रीत. पोलीस ॲक्शनच्या गडबडीत एक दुकान माणसांसकट जाळलं व्हतं, त्याचा आगीतून उरलेला, नाना छापांचा बारदाना लिलावात आडतीवर आला. अन् ह्यानं खेळापायी छाप तसेच ठिवले!

पहिलं पोतं. बी, आर, एन. "बर्न!" ह्यो वरडला. बर्न म्हंजे जळणं. दुपारी रंगात कालवायचं घासलेट भडकलं. काशप्पा हमालाचे हात कोपरापातूर सोलून निघाले, कातडी पोत्याला चिकटून ऱ्हायली.

दुसरं. के, एन, एफ. ह्या बारीला त्यो बोललाच न्हाई, निस्तं मनात आलं, नाइफ. तेवढ्यात दोन गाडीवान वजनावरून भांडले अन् एकानं पोतं फाडायचा चाकू दुसऱ्याच्या पोटात मुठीपातूर खुपसला. ढिगातली तूर रगतानं भिजली.

सिद्धलिंगप्पाला उमगलं, हे पोत्यावरल्या अक्षरांचं काम. कमठाणा गावचा पिराप्पा, त्याचा लंगोटीयार, तिथंच हमाली करायचा. त्यो तिसऱ्या पोत्याला हात घालायलता.

"पिऱ्या, ठिव ते! हात लावू नगंस!"

"कामून रे सिद्ध्या? पोतं चावतंय व्हय?"

हसत हसत त्यानं पोतं पाठीवर घेतलं, थप्पीवर टाकलं, वळला. त्याच्या सदऱ्यावर पाठीला छाप उठला व्हता. दोन सालं वाळलेला रंग, अन् ओला!

डी, टी, एच.

डेथ. मरण. मनात आलंच.

पिराप्पा खोकला. तोंडातून रगताची गुळणी आली. त्यो गुडघ्यावर बसला.

"सिद्ध्या... श्वास... येईना..."

दुसरा शब्द पायजे. लगीच. तीच अक्षरं, पर दुसरा शब्द. पिराप्पाचे डोळे पांढरे व्हायलते, टाचा भुईवर घासायलत्या.

घावला!

"डॉटर!"

पिराप्पानं हुंदका दिल्यावानी श्वास घेतला. उठून बसला. सदऱ्यावर डागसुदिक न्हाई.

"काय बोल्लास बे?"

"डॉटर! डी बी हाय, टी बी हाय, एच बी हाय!" सिद्धलिंगप्पा रडत, हसत त्याला मिठी मारून म्हणाला. "डॉटर म्हंजे... लेक..."



पायताण तिथंच टाकून पळाला.

घरी अंगणात त्याची बायको निलम्मा त्यांच्या धाकल्या लेकीला, अक्कम्माला, न्हाऊ घालायलती. पोरगी पाणी उडवत खिदळायलती. सिद्धलिंगप्पा तिच्याकडंच बघत दारातून आत आला.

"बरं झालं आलाव," निलम्मा म्हणाली. "हिच्या पाठीला कुणी छापावानी काळं लावलंय की ओ. कवापासून घासायले, निघंना."