कार्डावर नसलेलं कोकम

मस्कतच्या त्या हॉटेलात तळमजल्यावर कुणा हौशी माणसाने इंग्लंडच्या खेड्यातला पब थाटला होता. लाकडी तुळया, भिंतीवर घोड्याचे नाल, मेंढ्यांची चित्रं… आणि दाराबाहेर बेचाळीस डिग्री! ऑफिसच्या लोकांनी बुधवारच्या क्विझला ओढून आणलेली प्रणाली तिथलं कार्ड तीनदा उलटून बघत होती. बियरच मुळी चोवीस तऱ्हेची. न पिणाऱ्यासाठी काय, तर पाणी आणि कोला.

"बापा! यात आपल्या कामाचं एक नाही," ती पुटपुटली.

"आहे ना," काउंटरमागचा उंच पोरगा चक्क मराठीत म्हणाला. "पण कार्डावर नाही."

त्याचं नाव स्वरूप. आईने वेंगुर्ल्याहून पाठवलेलं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला दाट रस, त्याने ग्लासात ओतलं. वर सोडा, भाजलेलं जिरं, मिरचीचा एक तुकडा. नागपूरच्या प्रणालीने पहिला घोट घेतला आणि डोळेच मिटले.

"हे कार्डावर का नाही ठेवत?"

"सगळ्यांना दिलं तर… तुम्हाला काय देणार?"

बघा आता! हा बोलून मोकळा, आणि ती बिचारी आठवडाभर तेच मनात घोळवत राहिली. पुढच्या बुधवारी क्विझ नव्हती, तरी गेली. मग दर बुधवारीच जायला लागली.

मग रमजान लागला. त्या महिन्यात पबात दारू बंद, इफ्तारनंतर नुसती सरबतं. प्रणाली आली ती ठरवूनच आली होती. मस्कतपासून पाचशे किलोमीटरवरच्या दुक्मच्या साइटवर दोन वर्षं कोण जायला तयार आहे, हे कंपनीला उद्या सकाळी कळवायचं होतं. स्वरूपने एकदा "जाऊ नका" म्हटलं असतं, तर ती जाणार नव्हती. बस, तेवढंच ऐकायचं होतं तिला.

आणि दारातल्या फळ्यावर खडूने पहिलंच नाव… कोकम कूलर!

तिच्या अंगाची लाही लाही झाली. अख्खा पब तिचं कोकम पीत होता! मॅनेजर तय्यबभाई, कोपऱ्यातलं गोरं जोडपं, सगळे. आणि काउंटरवर एक आखूड केसांची मुलगी, हातात लाल ग्लास, आणि स्वरूप तिच्याकडे झुकून खदाखदा हसतोय. ती बया तर स्ट्रॉने पीत होती!

"या, या! आज उशीर—" स्वरूप म्हणाला.

"मी दुक्मला जातेय. दोन वर्षांसाठी."

त्याच्या हातातला चमचा तसाच राहिला. "असं… अचानक?"

"तुमचं कोकम आता सगळ्या मस्कतला मिळतंय की. माझी काय गरज आहे इथे?"

"अय्या, त्या बुधवारवाल्या तुम्हीच का?" ती मुलगी मध्येच म्हणाली. "मी यशश्री. हॉटेलच्या कार्डाचे फोटो काढते. मघापासून म्हणतेय, मला त्या आतल्या बाटलीतलं दे. हात लावू देत नाही हा! आम्हाला आपलं हे सिरप."

स्वरूपने फळ्यावरचं सरबत प्रणालीपुढे ठेवलं. तिने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. शी! निव्वळ खोकल्याचं औषध.

"बाजारातलं आहे," तो म्हणाला. "तय्यबभाईंनी नवीन सरबतं मागितली. मी नाव दिलं… आगळ नाही दिलं."

मग त्याने काउंटरखालून बाटली काढली. तिच्यावर कागदाची पट्टी, पट्टीवर पेनाने मारलेल्या रेघा. तळाशी बोटभर रस उरला होता.

"दर बुधवारी एका रेघेपुरतंच काढायचो. संपलं की तुम्ही कशाला याल इथे? म्हणून ठरवलं होतं, शेवटच्या रेघेला विचारायचं."

"काय विचारायचं?"

"लग्न कराल का, असं…" त्याचे कान कोकमासारखे झाले. "पण आता आधी हेच म्हणतो. जाऊ नका."

प्रणालीला एकदम रडूही आलं आणि हसूही. किती जळलो आपण, आणि तेही खोकल्याच्या औषधावर! तिने काउंटरवरचा रिकामा ग्लास पुढे केला. तो बाटली तिरकी करणार, तोच तिने त्याचं मनगट धरलं.

"अर्धंच घाल."

"का? आंबलंय का?"

"बाकीचं पुढच्या बुधवारी. आणि आईंना फोन करून सांग, आता मोठी बाटली पाठवा म्हणावं."

स्वरूप तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने खिशातलं पेन काढलं आणि शेवटच्या रेघेखाली आणखी एक रेघ मारली.

"आता तरी मला चाखू दे रे," म्हणत यशश्रीने हात पुढे केला.

प्रणालीने बाटली उचलून सरळ आपल्या कुशीत घेतली.

"सिरप पी गं तू."