समुद्रगरुडाचा साक्षांक

पुण्याच्या रेषाविज्ञान प्रयोगशाळेत त्या गुरुवारी सकाळी तपासणीसाठी जे चित्र आलं, ते ओळखायला डॉ. चारुता केळुसकरला अर्धं मिनिटही लागलं नाही. उंडीच्या झाडाच्या वाळक्या फांदीवर बसलेला पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड, मान किंचित डावीकडे, आणि पंखांच्या कडांना पेन्सिल इतकी हलकी फिरवलेली की नुसता कागदच दिसावा. असं काम करणारा एकच माणूस तिला ठाऊक होता. त्याने तिला लहानपणी ब्लेडने पेन्सिलला टोक काढायला शिकवलं होतं. चित्र तिच्या वडिलांचं होतं.

सोबत तक्रारअर्ज होता. तिचा सहकारी ऑल्विन परेरा याने तो आधीच वाचला होता, आणि आता तो खिडकीबाहेर बघत चहा ढवळत बसला होता. ऑल्विन बिनसाखरेचा चहा पितो, तेव्हा त्या चहात ढवळण्यासारखं काहीच नव्हतं.

किनाऱ्यावरच्या पक्षीनिरीक्षकांच्या एका मंडळाने लिहिलं होतं की, शिदोडच्या बेटावरचं गरुडाचं घरटं तीन वर्षं रिकामं आहे. या हिवाळ्यात त्या सगळ्या पट्ट्यात एकही समुद्रगरुड दिसलेला नाही. असं असताना दिगंबर केळुसकर या निवृत्त चित्रकला शिक्षकांच्या चित्राला ‘रानरेषा’वर सत्त्याण्णव साक्षांक मिळतोच कसा? गृहस्थांनी गरुड धरून, बांधून समोर ठेवला असला पाहिजे. चित्राची विक्री थांबवण्यात आली होती, आणि सोमवारी अकरा वाजता चौकशी समितीपुढे सुनावणी होती.

‘रानरेषा’ म्हणजे वन्यजीवांची चित्रं विकणारा ऑनलाइन बाजार. यंत्रं चुटकीसरशी वाघ-बिबटे काढायला लागली तेव्हा या चित्रकारांच्या पोटावर पाय आला होता. वाचवलं ते चारुताने बनवलेल्या रेषावाचकाने. चित्र कुणी हाताने काढलंय का, आणि काढताना जिवंत जीव समोर होता का, हे तो कागदावरच्या रेषेवरून सांगायचा. त्याने दिलेला आकडा म्हणजे साक्षांक. चिखलात चार तास बसून कुणीतरी हा बगळा खरोखर पाहिलाय, याची खात्री पटल्यावर लोक पुन्हा हातची चित्रं घ्यायला लागले. चार हजार चित्रकारांची चूल त्या आकड्यावर पेटत होती.

“समितीतल्या तिघांना यातलं ओ की ठो कळत नाही,” ऑल्विन म्हणाला. “आपण तालीम करू. मी समिती. सांग, मी कावळा काढतोय.”

“तुझा डोळा कावळ्यावरून कागदावर येतो. तेवढ्यात कावळा हललेला असतो. तू पुन्हा वर बघतोस आणि हात ती चूक सावरतो. त्या सावरण्याची बारीक थरथर रेषेत राहते. तिला आम्ही दुरुस्तीकंप म्हणतो.”

“कावळा शांत बसला असेल तर?”

“तरी श्वास घेतोच. त्याची कड हलतच राहते.”

“आणि मी फोटोवरून काढलं? किंवा आठवणीतून?”

“फोटो हलत नाही, आठवणही हलत नाही. कंप शून्य. आणि हात मुद्दाम थरथरवलास, तर त्या थरथरीला ताल नसतो. जिवंत हालचालीला असतो. शंभरातल्या किती रेषा त्या तालात बसतात, तो साक्षांक.”

“म्हणजे केळुसकर मास्तरांच्या सत्त्याण्णव रेषा काढताना जिवंत काहीतरी समोर होतं.”

“होतं,” चारुता म्हणाली. रेषावाचक बरोबर असेल तर बाबा गुन्हेगार, आणि बाबा निर्दोष असतील तर रेषावाचक खोटा. घरच्या माणसाचं चित्र तिने तपासावं का, हाही प्रश्न होताच. अहवालावर ऑल्विनचीही सही हवी, एवढ्या अटीवर संचालकांनी परवानगी दिली होती.

तपासताना चित्रकाराला एक शब्दही विचारायचा नाही, हा नियम तिचाच. त्यामागे एक जुनी जखम होती. यंत्रचित्रांच्या लाटेत एका गिऱ्हाइकाने बाबांना तोंडावर विचारलं होतं, ‘हे खरंच तुम्ही काढलंत?’ पस्तीस वर्षं पोरांच्या हाताला वळण लावलेला तो माणूस उठून आत गेला आणि महिनाभर त्याने पेन्सिल धरली नाही. पुन्हा कुणी आपल्या बापाला तो प्रश्न विचारू नये म्हणून चारुताने आठ वर्षं खपून हे यंत्र बनवलं. आणि आता त्याच यंत्राने बापाला गोत्यात आणलं होतं.

दुपारी तिने नियम गुंडाळून ठेवला आणि बाबांना फोन लावला. घरटं रिकामं आहे हे तुला माहीत होतं का, असं विचारल्यावर ते हो म्हणाले. मग गरुड आला कुठून, यावर त्यांनी उलट तिलाच प्रश्न केला.

“तुझा यंत्र काय सांगता?”

“जिवंत जीव समोर होता, असं.”

“मगे तसाच असात,” बाबा म्हणाले, आणि आंब्याला मोहर चांगला आलाय हे सांगायला लागले. चारुताला इतका राग आला की तिने निरोप न घेताच फोन ठेवला.

रागाच्या मागोमाग बेट आठवलं. ती सात वर्षांची असल्यापासून नाताळच्या सुट्टीत केळुसकर कुटुंब होडीतून शिदोडला जायचं. आईने शिडाच्या जुन्या कापडाचा तंबू शिवला होता. तो एका बाजूला कायम कललेला असायचा आणि आईला ते बोलून दाखवलेलं खपायचं नाही. चार दिवस तीन दगडांच्या चुलीवर पेज आणि भाजलेले बांगडे, सकाळ-संध्याकाळ पक्षी बघणं, आणि बेटाचा एकच कायदा: झोपलेल्याला उठवायचं नाही. भरती जावो, जेवण जावो, होडी जावो, माणूस झोपला असेल तर झोपू द्यायचं. वर्षभर घड्याळाच्या काट्यावर शाळा चालवणाऱ्या बाबांनीच तो कायदा केला होता. आई जाऊन चार वर्षं झाली होती. चारुताच्या वाऱ्या त्याआधीच थांबल्या होत्या. गेल्या डिसेंबरात सहा वर्षांनी ती बाबांबरोबर दोन दिवस गेली होती. त्या दोन दिवसांत तिलाही कुठे गरुड दिसला नव्हता, आणि पिंजरा तर नव्हताच.

शुक्रवारी ऑल्विनने बाजाराच्या नोंदी उघडल्या आणि तिला हाक मारली. चित्र पाठवताना बाबांनी स्वतः ते ‘स्मृतिचित्र’ या दालनात टाकलं होतं. आठवणीतून काढलेल्या चित्रांचं ते दालन. तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. पण साक्षांक नव्वदच्या वर गेला म्हणून यंत्रणेने आपणहून ते उचलून ‘प्रत्यक्षदर्शन’मध्ये लावलं होतं. बाबांना तसा संदेशही गेला होता. त्यांनी हरकत घेतली नव्हती.

“का नाही घेतली?” ऑल्विनने विचारलं.

चारुताला कारण लख्ख दिसलं. हरकत घ्यायची म्हणजे लेकीचं यंत्र चुकतं असं जगाला लेखी द्यायचं. दिगंबर केळुसकर एक वेळ गरुडचोर म्हणवून घेतील, पण ते करणार नाहीत. माणूस असा हट्टी, आणि तिच्यावर असा वेडा जीव लावणारा, की त्याच्यावर रागवावं की काय करावं तिला कळेना.

“म्हणजे तो गरुड आठवणीतलाच,” ऑल्विन म्हणाला. “मग हे कंप कुणाचे?”

आजवर रेषावाचक कंप फक्त मोजायचा. ते उलट लावून, डोळा कशाच्या मागे फिरत होता हे काढता येईल, असं दोघांनाही पूर्वी वाटलं होतं, पण कधी गरज पडली नव्हती. शुक्रवार आणि अर्धा शनिवार त्यांनी त्या उलटवाचनाला दिला. शनिवारी दुपारी पडद्यावर वेळेच्या पट्टीवर एक रेघ सरकायला लागली. ती सावकाश वर चढायची, सावकाश खाली यायची. पुन्हा वर, पुन्हा खाली. मध्येच एकदा मोठा हेलकावा, आणि परत तीच लय.

“हा पक्षी नाही,” चारुता म्हणाली. “पक्षी सारखी मान झटकतो. इथे दोन तासांत एकही झटका नाही.”

“म्हणजे यंत्रात बिघाड?”

“बाकीची चित्रं लाव. सगळ्यात वरच्या साक्षांकाची चाळीस.”

संध्याकाळपर्यंत चाळीसातली तेहतीस चित्रं तशीच निघाली. मेळघाटातल्या एका चौसिंग्याचा कान दोन तासांत एकदाही हलला नव्हता, आणि जंगलात माशा काही कमी नसतात. विदर्भातली एक वाघीण दर दहा मिनिटांनी उठून कुठेतरी जाऊन येत होती. ऑल्विनच्या मते ती चहा करत होती. एका पाणमांजराला तर उचकी लागलेली होती, लहान मुलाला लागते तशी, एकामागून एक अकरा वेळा. तिथे ऑल्विनला हसू फुटलं. मग हसता हसता तो थांबला, कारण त्याला सगळं उमगलं.

“जनावर थांबतच नाही,” तो म्हणाला. “वाघ दिसतो वीस सेकंद. तेवढ्यात चार-सहा रेषा होतात, उरलेलं चित्र आठवणीतून. ज्याने वाघ खरोखर पाहिला, त्याचा साक्षांक सात येणार, फार तर दहा. आणि आपण ती चित्रं...”

“स्मृतिचित्रांत टाकली,” चारुता म्हणाली. “आणि नव्वदच्या पुढे जायचं तर कुणीतरी तासन्‌तास समोर बसायला हवं. बायको, नवरा, शाळेला सुट्टी असलेलं पोर. कागदावर चितळ उतरतंय, पण मान वर केली की डोळा जातो आपल्या माणसाकडे. रेषावाचक खरं तेच सांगत होता रे. कोण समोर होतं, हे आपण कधी विचारलं नाही.”

ऑल्विनने गरुडाचं चित्र पुन्हा पडद्यावर घेतलं आणि कोपरा मोठा केला. शाळेतल्या सवयीने बाबांनी तिथे बारीक अक्षरांत तारीख आणि वेळ घातली होती: सत्तावीस डिसेंबर, दुपारी दोन ते चार.

त्या दिवशी शिदोडवर दोनच माणसं होती. चारुता आणि बाबा. जेवल्यावर दुर्बीण घेऊन ती उंडीखाली पहाऱ्याला बसली होती. गरुड आला तर मी हाक मारते, असं बाबांना मोठ्या ऐटीत सांगून. मग चटईवर जरा पाठ टेकली. त्याआधी कित्येक महिने तिला गोळीशिवाय झोप नव्हती. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि बाबा समोरच्या दगडावर बसून पेन्सिलींना टोकं काढत होते.

रविवारी बाबा सुनावणीसाठी पुण्याला आले. दुपारी तिने त्यांना प्रयोगशाळेत आणलं, पडद्यासमोर बसवलं आणि सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत होते. ती सरकणारी रेघ त्यांनी बराच वेळ पाहिली.

“उद्या तू तेंका यंत्र चुकला म्हणून सांगतलंस?” त्यांनी विचारलं. त्यांना काळजी होती ती एवढीच.

“यंत्र नाही चुकलं, मी चुकले. तसंच सांगणार.”

“तुझा नाव खराब होतला, गो.”

“होऊ दे.” वीस वर्षं पुण्यात काढून तिची मालवणी बोथट झाली होती. “बाबा, मी तुला हे एकदाही विचारलं नाही. आता विचारते. चित्र काढत होतास, तेव्हा समोर कोण होतं?”

बाबा पडद्याकडेच बघत राहिले. रेघेचा तो मोठा हेलकावा आला, आणि त्यांनी नकळत मान हलवली.

“हय तू कूस बदललंस,” ते म्हणाले. “माका वाटला, उठतलंस आता. पण नाय उठलंस.” मग ओशाळल्यासारखे म्हणाले, “हात गरुडच काढी होतो, तो काय, त्याका पाठ असा. पण गरुड दोन मिनिटां बसलो तरी नशीब. तू दोन तास होतंस.”

चारुताने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. ऑल्विन शहाणा माणूस. तो चहा आणायला म्हणून बाहेर गेला.

तो परत आला तेव्हा ती अहवाल लिहायला बसली होती. समितीच्या छापील नमुन्यात एकच रकाना होता, ‘चित्रातील प्राणी’. त्यात तिने लिहिलं: पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड, आठवणीतून. त्याखाली पट्टी धरून तिने हाताने आणखी एक रकाना आखला. त्याला नाव दिलं ‘समोर असलेला जीव’, आणि भरलं: चारुता दिगंबर केळुसकर, वय बेचाळीस, झोपलेली. मग तिने सही केली, आणि तिच्या सहीखाली ऑल्विनने आपली केली.