निंबस

कोशकार बाईंचा खाक्या एकच: पुरावा असेल तर शब्द कोशात, नाहीतर केराच्या टोपलीत. भुताखेताच्या गप्पा कोणी काढल्या, की त्या विचारायच्या, "आधार काय?" पुढे कोण बोलणार! प्रुफं मात्र नवरोबांकडून मोठ्याने वाचून घ्यायच्या. चूक डोळ्यांआधी कानाला सापडते, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्या दुपारी कार्यालयात दोघंच होती. परभाषेतून आलेल्या शब्दांचा कोश 'नि'पर्यंत आला होता.

"निंबस," नवरोबा वाचू लागले. "मूळ लॅटिन. एक, पावसाचा ढग. दोन, पृथ्वीवर उतरताना देव अंगाभोवती लपेटून घेत तो ढग. तीन, त्यावरून, चित्रांत देवाच्या डोक्यामागचं तेजोवलय. अगं, म्हणजे ढगाचाच पुढे उजेड झाला?"

"झाला. तुम्ही स्वल्पविराम बघा."

बाईंनी मान वर केली. नवरोबांच्या डोक्यामागची भिंत धूसर दिसत होती. चष्मा पुसला, तरी तशीच. खोली गार पडली होती. नवरोबांच्या कानांभोवती राखाडी धुकं सावकाश फिरत होतं, कडेला उजळ. प्रुफावर थेंब पडून शाई पसरली.

"अहो, काय होतंय?"

"कोणीतरी फार जवळ उभं आहे गं." त्यांचे ओठ निळे पडले होते.

बाई घाबरल्या, पण भीतीपेक्षा राग मोठा होता. एवढा संसार केला तो डोळ्यांदेखत कोणी आपला माणूस उचलून न्यावा म्हणून?

"खबरदार माझ्या माणसाला हात लावलास तर!" त्यांनी टॉवेल उचलून धुकं झोडपलं, खिडकीबाहेर हाकललं. "नीघ! आली मोठी देवाची स्वारी!" आणि खिडकी धाडकन लावून घेतली.

ओठांवर रंग परत आला. खुर्चीतल्या माणसाने स्वतःचा हात उलटसुलट करून पाहिला. मग टेबल. मग बाई. मग तो हसला, जरा उशिराने.

"पोहोचलो," तो म्हणाला.

बाईंनी प्रूफ ओढून घेतलं. *उतरताना* लपेटून घेत, असं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. हा न्यायला आलाच नव्हता, राहायला आला होता.

त्यांनी दाराला कडी घातली आणि पाठ लावून उभ्या राहिल्या.

"देव अस नाहीतर कोणी अस. हे परत आल्याशिवाय तू इथून हलायचं नाहीस."

त्याने नम्रपणे मान डोलावली.

काचेपलीकडून, समोरच्या गच्चीच्याही वरून, हाक आली.

"अगं, खिडकी का लावलीस?"