तिसऱ्या प्लेटमागची माती

कमठाणा गावाबाहेर लाल जांभ्याची एक जुनी खाण आहे. दगड काढणं बंद पडल्यावर हैदराबादच्या एका कंपनीनं ती भाड्यानं घेतली, आणि दोन हजार दहाच्या हिवाळ्यात तिथं बुलेटप्रूफ जाकिटांतल्या प्लेटांची परीक्षा सुरू झाली. मोजमापाचं काम श्रीहर्षकडं होतं. कलबुर्गीच्या भीमसेन मास्तरांचा हा मुलगा. जे मोजता येत नाही त्यावर बोलू नये, अशा मताचा.

पद्धत साधी होती. मूर्तिकार वापरतात तसली तेलकट माती लाकडी चौकटीत ठासून भरायची, तिच्यावर प्लेट बांधायची आणि लोखंडी घोडीवर पक्क्या आवळलेल्या रायफलीतून गोळी झाडायची. गोळी अडली एवढ्यानं भागत नाही. अडवताना प्लेट मागं किती दबते, मातीत खळगा किती खोल पडतो, ते बघायचं. माती म्हणजे छाती.

रायफल निवृत्त हवालदार गुंडेराव सांभाळत. माती मळायला गावातली सुगंधाबाई होती. तिचा एकुलता एक लेक माउली राखीव दलात, कुठल्याशा जंगलात तैनात होता. हे काम कशासाठी चाललंय ते तिला ठाऊक होतं, म्हणून ती मातीत वाळूचा कणही राहू देत नसे.

तुलना तीन प्लेटांची होती. पोलादी प्लेट अंगावर घेतली की खांदे उतरत, पण तिच्यामागं खळगा जेमतेम पडे. सिरॅमिकची प्लेट पोलाद भेदणारी गोळीसुद्धा अडवी, पण एका माऱ्यात तडकून जाई. तिसरी नवी, दाबलेल्या प्लास्टिक थरांची. भेदक गोळीसाठी ती नव्हतीच. साध्या रायफलीच्या गोळीपुरती होती, आणि वजनाला निम्मी. मालकांचा सगळा जीव तिच्यात. तिची पहिली खेप राखीव दलाकडं रवानाही झाली होती.

एके दिवशी सकाळी तिसऱ्या प्लेटवर गोळी झाडली. थरांत रुतून बसली. मागचा खळगा मर्यादेच्या आत. श्रीहर्ष आकडा लिहायला वळला आणि थांबला.

खाली, डाव्या अंगाला, आणखी एक खळगा होता. तिथं गोळी लागलीच नव्हती.

"हवा राहिली असेल," गुंडेराव म्हणाले.

"न्हाई हो दादा," सुगंधाबाई म्हणाली. "मी चांगली ठासलेय."

माती काढून पुन्हा भरली. पुन्हा तोच खळगा, त्याच जागी. श्रीहर्षनं पोलादी प्लेट बांधून बघितली, सिरॅमिकची बघितली. माती सपाट. तिसरी बांधली की खळगा.

मग त्यानं गुंडेरावांना रायफल रिकामी करायला लावली. तिसरी प्लेट नुसतीच बांधून ठेवली. तिघंही समोर बसून राहिले. खाणीत वारा नव्हता. दुपार कलल्यावर त्यानं पट्टे सोडले.

खळगा होता. बोट मावेल एवढा. त्याच्या कडेनं मातीत आडव्या, किंचित बाकदार रेघा उमटल्या होत्या, बरगड्यांसारख्या.

सुगंधाबाईनं आत बोट घातलं. हात झटकन मागं घेतला.

"आत ऊन लागायलंय, साहेब. जित्या अंगावानी."

ती खाणीच्या तोंडाशी, रेंज येते तिथं गेली. मोबाइल लावला.

"माउली, नवी पाटी दिल्यात व्हय रे तुला?"

"दिल्यात की. हलकी हाय माय, पळाय येतंय. कामून?"

तिनं मागोमाग आलेल्या श्रीहर्षकडं फोन दिला. तो म्हणाला, "माउली, जुनी पोलादी प्लेट आहे ना? तीच घाल. मी मोजणारा माणूस आहे, माझं ऐक."

संध्याकाळी त्यानं तिसरी प्लेट नापास केली. मालक फोनवर ओरडले, "कारण काय?" त्याला कारण देता आलं नाही. नोकरी गेली.

गुढीपाडव्याच्या सुमारास सुगंधाबाईचा निरोप आला. माउली सुट्टीवर आला होता.

श्रीहर्ष गेला तेव्हा अंगणात खाटेवर माउली बसला होता. श्रीहर्ष समोर ओट्यावर टेकला. "वाचलो तुमच्यामुळं," म्हणत माउलीनं पिशवीतून पोलादी प्लेट काढली.

"कुठं लागलं?"

"काहीच न्हाई लागलं. कळलंबी न्हाई."

श्रीहर्षनं प्लेटवरून हात फिरवला. खाली, डाव्या अंगाला बारीक फुगवटा होता. त्यावरचा रंग शाबूत होता, ओरखडाही नव्हता. त्यानं प्लेट उलटली.

खळगा आतून होता. गोळीच्या शिशाचा करडा डाग त्यात चिकटला होता.

"ही बाजू तर अंगाला लागून असते," तो म्हणाला.

"व्हय," माउली हसला.

सुगंधाबाई डोक्यावर पदर ओढून बाहेर आली. दोन कप तिनं लांबूनच खाली ठेवले.

"च्या घ्या," ती म्हणाली. "आन् उजेड हाय तवर निघा तुमी."

श्रीहर्ष उठायला लागला.

"तुमी बसा, साहेब," ती म्हणाली. लेकाकडं न बघता तिनं खाटेकडं हात केला. "ह्यांना म्हणायले."