खाडीच्या पोटातल्या उभ्या तिसऱ्या

ज्या खाडीत तिसऱ्या (गाळात राहणारे, खायचे शिंपले) कधी जगल्याच नाहीत, तिच्या गाळात दोन मीटर खोल शिंपल्यांचा थर आला कुठून?

"वादळानं आणून टाकला," असं सरकारी अहवालात ठोकून दिलं होतं. "खाडी मुळातच मृत आहे. बुजवावी."

वाचून जाई कुबलच्या अंगाची लाही लाही झाली. वर्ष होतं २०७१. जुना बांध फोडून समुद्राचं पाणी आत घ्यायचं, की खाडी कायमची बुजवायची, याची सुनावणी दुपारी तीनला होती. इथं काहीच मिळत नाही म्हणून जाईची आई तिसऱ्या काढायला दोन गावं ओलांडून जायची आणि तिथल्या बायका तिला हाकलून लावायच्या.

सकाळीच आबांच्या 'गाळ्या' यंत्रमानवानं गाळनळी (थर जसेच्या तसे वर काढणारी नळी) खाडीत दाबून शिंपले काढले होते. आबा, म्हणजे जाईचे गाळशास्त्रज्ञ आजोबा, चष्मा पुसत आले आणि जागीच थबकले. टोपलीत शिंपले लखलखत होते.

"धुतलेस?"

"मग? न धुता कोण घरात आणतं?" जाई म्हणाली.

"अगो, पुरावा धुतलास तू! कोणता शिंपला कसा बसला होता, आता कुणाला विचारू?"

"एकूण दोनशे बारा," गाळ्या म्हणाला. "स्वच्छता उत्तम."

"तू गप्प बस!" दोघंही ओरडली.

दुसरी नळी काढली. जाईनं दात-ओठ खात ती उभी चिरली. तळाशी दगडाला चिकटलेली कालवं. म्हणजे पाणी खारं होतं. वर तिसऱ्या. तिनं एक बोटानं चाचपली.

"आबा, मेलेली तिसरी उघडते. लाटांत लोळली की दोन्ही शिंपले सुटे होतात, कडा झिजतात. या तर जोडीनं मिटलेल्या आहेत. आणि उभ्या!"

"म्हणजे?"

"जिथं जगल्या तिथंच गाडल्या गेल्या!"

सर्वांत वर काळा चिखल होता, शिंपल्यांवाचून. त्याच्या तळाशी बांधाच्या सिमेंटचे कण. बांध आला, खारं पाणी अडलं, तिसऱ्या संपल्या.

सुनावणीत अधिकारी मॅडमनी विचारलं, "वादळ नव्हतंच कशावरून?"

जाईचा आवाज चढला. "वादळ काय एकेक तिसरी हातानं उभी लावून गेलं?"

तिनं चिरलेली नळी मॅडमपुढे सरकवली. मॅडम नळीवर वाकल्या. एकेक तिसरी निरखून म्हणाल्या, "बुजवणं थांबवा. बांधाचं एक दार वर्षभर उघडून पाहू."

"एकच?" जाई फणकारली.

"पुरे होईल गो," आबा हळूच म्हणाले. "तिसरीची पिल्लं तिळाहून लहान असतात. भरतीबरोबर पोहत येतात आणि आवडेल तिथं रुततात."

"या खाडीत?" मागून आईनं विचारलं.

"याच."